चोवीसशे मोठे की सोळाशे

कंप्यूटर चांगला की वाईट, हे ठरवायची माझी एकच परीक्षा होती: लग्नपत्रिकेवरचं तोरण. एका पत्रिकेसाठी मी आंब्याच्या पानांचं तोरण काढलं होतं, पान न् पान वेगळं, पानापानाला शिरा, मधे झेंडूची फुलं. नवं मशीन आलं की आधी ही फाइल उघडायची, तोरण मोठं करायचं आणि ते स्क्रीनवर पुन्हा उमटायला किती वेळ लागतो ते बघायचं. जुन्या ४८६ प्रोसेसरच्या मशीनवर तोरण उमटायला लावून मी आत जाऊन कणीक मळून यायचे, तरी कडेची पानं राहिलेलीच असायची. पेंटियम आला आणि तेच काम चहाला उकळी येईपर्यंत होऊ लागलं. त्या दिवशी मी आनंदानं दोन वेळा चहा केला.

माझा मोठा भाऊ जालन्यात कंप्यूटर जोडून विकायचा. त्याची गिऱ्हाइकं म्हणजे बियाण्याच्या कंपन्या आणि एमआयडीसीतल्या रोलिंग मिलची ऑफिसं. त्यांनी नव्या पिढीचं मशीन घेतलं की जुनं दादाच्या दुकानात यायचं, आणि तिथून टेंभुर्णीला, माझ्या सासरी. म्हणजे जग पेंटियमवर असताना मी ४८६वर, आणि जग पुढं गेलं की मी पेंटियमवर. ही तक्रार नाही, ऐट म्हणून सांगते. दादा मशीन विकून मोकळा व्हायचा, मी मात्र त्या मशीनबरोबर वर्षानुवर्षं नांदायचे. कोणतं उन्हाळ्यात रुसतं, कोणतं दोन फाइली एकदम उघडल्या की बसकण मारतं, हे त्याला नाही, मला ठाऊक होतं.

दादाचा सगळा जीव आकड्यात. मेगाहर्ट्‌झ किती, एवढंच तो विचारायचा, लोक ट्रॅक्टर घेताना हॉर्सपॉवर विचारतात तसं. एकदा त्यानं माझा दोनशे तेहेतीसचा पेंटियम नेला आणि दोनशे सहासष्टचा सेलेरॉन प्रोसेसर मोठ्या थाटात आणून बसवला. मी तोरण उघडलं. तेवढाच चहा, तेवढीच उकळी. आकडा वाढला होता आणि काम तिथंच होतं. दादाला फोन केला तर म्हणतो कसा, "तुझा गॅस मोठा असंल." मी फोन आपटला. पण त्या दिवसापासून आकड्यावरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच.

माझं काम चालायचं ते रस्त्याकडच्या खोलीत. शाळांच्या प्रश्नपत्रिका, बियाण्याच्या पिशव्यांवरची लेबलं आणि लग्नाच्या पत्रिका. आतल्या घरात मी कुणाची सून होते, कुणाची भावजय होते. त्या खोलीत लोक माझ्याकडं, माझ्या कामासाठी यायचे. मग ते लोडशेडिंगचे दिवस आले. भर दिवसा लाइट जायची ती दिवस कलेपर्यंत येत नसे. गिऱ्हाइकं बसून बसून कंटाळायची आणि उठून जायची. त्यातच एका खतवाल्यानं माझ्या सासऱ्यांकडं, अण्णांकडं, ती खोली गोदामासाठी मागितली.

अण्णा आडपडदा ठेवणारे नव्हते. म्हणाले, "सूनबाई, दिवसभर मशीन बंद पडून राह्यलं. ही लग्नसराई बघू. चाललं तर चाललं, न्हाई तर खोली त्याला देऊन टाकू. रिकामी ठिवून काय करावं?"

त्यांचं चुकत होतं असंही नाही. पण खोली गेली असती तर मशीन कुठंतरी माळ्यावर गेलं असतं आणि माझं काम संपलं असतं. तेव्हा मी ठरवलं, यावेळी कुणाचं जुनं नको. माझ्या कमाईचं, मी निवडलेलं, नवंकोरं मशीन घ्यायचं. तोरणाची फाइल सीडीवर घेतली आणि जालन्याची एसटी पकडली.

दादानं माझ्यासाठी पेंटियम फोर जोडून ठेवला होता. चोवीसशे मेगाहर्ट्‌झ! आकडा सांगताना त्याची छाती फुगली होती. शेजारच्या टेबलावर एक लॅपटॉप होता, एका साहेबांनी मागवलेला आणि मग न नेलेला. प्रोसेसर पेंटियम एम, आकडा सोळाशे. किंमत जास्त, पण माझ्या साठवणीत कशीबशी बसणारी.

"ते खेळणं कशाला बघून राह्यली?" दादा म्हणाला. "सोळाशे हाय फक्त. ह्याच्यासमोर टिकन का?"

"लाव दोन्ही," मी म्हटलं. "रॅम दोघांत बराबर ठेव."

फाइल उघडायला लॅपटॉपला किंचित जास्त वेळ लागला, त्याची हार्ड डिस्क जरा सुस्त होती. दादा हसला. मग मी दोन्हीकडं तोरण मोठं केलं. आता चहाबिहा करायला वेळच उरला नव्हता, पानं डोळ्यांदेखत भराभर उमटत गेली, आणि दोन्ही तोरणं जवळजवळ बरोबरीनं पुरी झाली. दादा म्हणाला, "गडबड हाय काहीतरी." मी पुन्हा केलं, पुन्हा तेच. उन्हाळ्याची दुपार, वर पत्रे. तासाभरात चोवीसशेचा पंखा गिरणीसारखा घोंगावायला लागला. मी लॅपटॉपची वायर काढली आणि बॅटरीवर काम करतच राहिले. दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"पण आकडा...?" तो म्हणाला.

"दादा, ज्वारी काढताना बघितलंस ना? एक बाई सपासप विळा चालवती, पण एकेक धाट कापती. दुसरीचा हात सावकाश, पण ती मुठीत तीन-तीन धाटं धरती. तुझा आकडा नुसता विळा किती वेळा चालला ते सांगतो. मुठीत किती आलं ते कुठं सांगतो?"

तो म्हणाला, "मोठा इन्व्हर्टर घेऊन दिला तर? मोठं मशीन बी चालंल."

"मोठा डबा आणि त्याचा मॉनिटर बॅटरी पिऊन टाकतील. घरी दिव्यांपुरता छोटा इन्व्हर्टर आहे, त्यावर हा दिवस काढील. बांध जल्दी, माझी एसटी जाईल."

त्यानं बांधून दिला. एसटीत मी तो मांडीवर धरून बसले आणि खरं सांगते, एखाद्या आमदारीणबाईच्या ऐटीत टेंभुर्णीला उतरले.

लग्नसराई सुरू झाली. पत्रिकेचं काम म्हणजे टायपिंग कमी आणि भांडण जास्त. थोरल्या चुलत्याचं नाव खाली का, आत्याच्या मालकाच्या नावापुढं 'श्री.' का नाही. बाकी दुकानांत लाइट नसली की ही मंडळी रुसवेफुगवे घेऊन घरी जायची आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन यायची. माझ्याकडं भर दुपारी, लाइट नसताना, समोरासमोर नावं वरखाली व्हायची आणि तिथल्या तिथं तडजोड व्हायची. संध्याकाळी लाइट आली की फक्त छपाई उरायची. जाफराबादकडची गावंही यायला लागली. दारात चपला मावेनात. अण्णा ओट्यावर बसून सगळं बघायचे, बोलायचे मात्र काही नाही, आणि माझा जीव टांगणीला.

लग्नसराई संपत आली तेव्हा खतवाला आला. लाइट नव्हती, खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली होती. तो दारातून आत डोकावला आणि अण्णांना म्हणाला, "मंग, कधी खाली करता?"

"न्हाई होणार," अण्णा म्हणाले.

तो हसला. "एवढ्याशा मशीनला एवढी मोठी खोली?"

"खोली मशीनला न्हाई देली," अण्णा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सुनेला देली."

माझे डोळे भरून आले, पण समोर नवरीकडची माणसं खोळंबली होती. मी पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, "हं, सांगा, थोरल्या चुलत्यांचं नाव सांगा." माझा आवाज जरा जास्तच चढला होता. चढू दिला मी.