कापश्याचा सदरा

सरूबाईचं माहेर कन्नडकडचं, दुभत्या जनावरांचं. उन्हाळा तोंडावर आला की तिथे म्हशी भादरतात, म्हणजे जनावराला गार वाटतं. शहरात, पुंडलिकनगरात अर्धं आयुष्य गेलं तरी बाईची अक्कल काही माहेरहून परत आली नाही. यंदा होळी झाली आणि तिनं कात्री घेऊन घरचा कुत्राच भादरला.

हा कुत्रा कापश्या. पांढराफेक, नाक गुलाबी. पिल्लू असताना तिच्या नवऱ्यानं, रामकिसननं, फुलंब्रीच्या रस्त्यावरून सदऱ्यात घालून आणलेला. रामकिसन गेल्या उन्हाळ्यात वारला. तेराव्याचं जेवून माणसं पांगली, कापश्याला मात्र कुणी काही सांगितलं नाही. कारखान्यातली पहिली पाळी संपवून रामकिसन घरी यायची वेळ झाली, की रोज भर उन्हात तो फाटकाशी तापल्या फरशीवर जाऊन बसायचा. सरूबाईला त्याचा राग यायचा आणि हेवाही वाटायचा. तिलाही तिथे बसावंसं वाटे, पण लोक नावं ठेवतात.

भादरलेलं अंग उन्हानं चारेक दिवसांत भाजून काढलं. पाठ लालभडक झाली, कानांच्या कडा सोलल्या.

जनावरांच्या डॉक्टरीण निलोफर यांनी कपाळाला हात लावला. "अम्मा, ये भैंस है क्या? केस हीच त्याची छत्री होती, ती तुम्हीच काढलीत." त्यांनी मलम दिलं. "केस येईपर्यंत सुती कपडा भिजवून अंगात घाला आणि सावलीत ठेवा. जखम चिघळली तर अवघड आहे."

"लई चुकलं माझं," सरूबाई म्हणाली. "त्यांच्यामागं एवढंच राहिलंय मला."

घरी येऊन तिनं जुनं लुगडं गुंडाळलं, ते कापश्यानं फाडलं. उशीचा अभ्रा चढवला, तोही दातांनी ओढून काढला. साखळीनं बांधला, तर गळ्याला फास बसेस्तोवर फाटकाकडे ओढत राहिला. पाठ चिघळू लागली.

आता राहिला होता पेटीतला सदरा. रामकिसनच्या अंगावरचा शेवटचा, न धुतलेला. सरूबाई तो कधीमधी काढून हुंगायची आणि वास उडेल म्हणून लगेच मिटून ठेवायची. तो पाण्यात घालायचा म्हणजे माणूस दुसऱ्यांदा घालवायचा. सकाळभर ती पेटीशी बसून होती. बाहेर कापश्या कण्हला, तशी उठली आणि सदरा बादलीत बुडवला.

वर्षभर विरत चाललेला घामाचा, तंबाखूचा वास पाणी लागताच भरभरून वर आला. बादलीवर वाकून सरूबाई ढसाढसा रडली.

मग सदरा पिळून तिनं कापश्याच्या अंगात चढवला. त्यानं बाही हुंगली, पुन्हा हुंगली, शेपूट जमिनीवर आपटली आणि खाटेखालच्या सावलीत जाऊन पडला. पाळी सुटायची वेळ झाली, तरी हलला नाही.

"आले व्हय रं?" सरूबाईनं विचारलं.

सदरा रोज भिजतो, त्यातला वास केव्हाच गेला. पाठीवर कोवळे केस आलेत. कापश्याच्या लेखी माणूस घरी आलाय, मग उन्हात कशाला बसायचं? दुपारी फाटकाकडे बघायचं काम आता एकट्या सरूबाईकडे आहे.