पोचा कसा पडना, खरं सांग

हिलाल मिस्तरी आधी टाकीकडे बघायचा नाही, माणसाकडे बघायचा. मोटारसायकलची पोचा पडून चेपलेली टाकी समोर असायची. पेट्रोल काढून झालेलं, वाफ राहू नये म्हणून पाण्याने खळखळून धुतलेली. मिस्तरीच्या हातात वाकडी सळई. मग मान वर करून विचारायचा, "पोचा कसा पडना, खरं सांग." खरं कळल्याशिवाय त्याची सळई टाकीच्या तोंडात जायची नाही.

धुळ्यात पारोळा रस्त्याला भंगारवाल्यांच्या ओळीत त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे आणि एक पाट. भिंतीला वाकड्या सळया टांगलेल्या, एकीचा वाक दुसरीला नाही. बाकीचे लोक बाहेरून रॉड चिकटवून ओढत, नाहीतर सरळ पुट्टी भरून रंग मारून देत. हिलाल आतून ढकलायचा. डोळे मिटून डाव्या हाताचा तळवा टाकीवरून फिरवायचा, गाभण म्हशीच्या पोटावरून फिरवतात तसा, आणि उजव्या हाताने आत सळई. तोंडाने रस्त्यावरच्या माणसाशी गप्पा चालू. मध्येच टक् आवाज यायचा आणि पोचा वर. पुट्टीचं नाव काढलं की भडकायचा. "पोचा काढाना ऱ्हास, बुजाडाना नही," हे त्याचं वाक्य दिवसातून किती वेळा ऐकावं लागायचं त्याला मोजदाद नाही.

हात सोन्याचा होता, हे मी कबूल करतो. पण पोचा कसा पडला हे ओळखण्यात हा माणूस जन्मभर चुकत आला. आणि चुकला तरी ऐकायचा नाही. आपण ठरवलं तेच गिऱ्हाइकाने म्हटलं पाहिजे, तरच काम. एका मारवाडी शेठच्या गाडीवर दुकानातला तराजू पडला होता. हिलालने तळवा फिरवला आणि निकाल दिला, "शेठ, घरमा भांडन व्हयनं. वहिनीनी लाटणं फेकं." शेठ म्हणाला, अरे तराजू होता. हिलालने सळई भिंतीला टांगली. शेठला उगराणीला, उधारी गोळा करायला जायचं होतं. शेवटी हात जोडून म्हणाला, "हां भई, लाटणंच." टाकी झाली आरशासारखी. पण चार दिवसांत ही गोष्ट शेठाणीच्या कानावर गेली, आणि तेव्हा मात्र लाटणं खरोखर फेकलं गेलं म्हणतात.

असं अर्ध्या धुळ्याने न केलेले गुन्हे त्याच्यापुढे कबूल केले. मी केला नाही.

झालं असं की धाकट्या मुलीचं लग्न ठरलं वरणगावला. होणारे व्याही सुपडू आबा कारखान्यातून रिटायर झालेले, टापटिपीचा माणूस. स्वतःच्या रुमालाने गाडी पुसायचे. बोलणी करायला भडगावला आमच्याकडे मोटारसायकलवर आले आणि कंबर धरली म्हणून गाडी ठेवून एसटीने परत गेले. "साखरपुड्याला येईन तेव्हा नेईन. तोवर चालवा खुशाल," असं वर म्हणाले. मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. रुमालाने गाडी पुसणारा माणूस 'खुशाल' म्हणत नसतो.

साखरपुड्याला भरिताचं जेवण ठरलेलं. शेजारच्या गावी भावाच्या शेतात भरीत ठेचायची नावेसारखी मोठी लाकडी बडगी होती, तिला उचलायला चांगली दोन माणसं लागतात. मी ती टाकीवर आडवी ठेवली आणि एकटाच निघालो. वाटेत गतिरोधक आला. बडगी उडाली आणि धाडकन टाकीवर बसली. घरी येऊन बघतो तो रंगाची खपली निघालेली आणि खाली वाटीएवढा पोचा.

मुलीच्या बापाने मुलाच्या बापाची गाडी पोचा पाडून परत द्यायची? भर मांडवात? माझी मान त्यापेक्षा बडगीत ठेचलेली बरी. साखरपुडा दोन दिवसांवर. गाडी घेऊन मी तडक धुळे गाठलं.

हिलालने टाकी धुतली, तळवा फिरवला, बोटाच्या पेराने ठकठक केलं, कान लावला.

"भाऊ, पोचा कसा पडना, खरं सांग."

"भरीतनी बडगी पडनी."

"नही. तू पडेल शे. गाडी उभी व्हती, तू टांग टाकाले गया आनि धप्पकन पडना. हँडल वळनं, टाकीले लागनं."

माझं डोकं फिरलं. शाळा मी चौथीत सोडली, पण फटफटीवरून जन्मात पडलो नाही. ही एकच डिग्री माझ्याजवळ आहे.

"मी जलममा पडनू नही!"

"वर पुट्टी बी भरेल शे तुनी. पडना, बुजाडं, आते बडगीवर ढकलस."

"पुट्टी? मी हात नही लावा!"

"मंग ली जाय तुनी टाकी."

एक शब्द म्हटला असता, 'पडलो', तर तासाभरात काम झालं असतं. शेजारचा भंगारवाला मला डोळ्याने खुणावत होता, म्हणून टाका, सगळेच म्हणतात. मी पालथ्या डब्यावर रस्त्याकडे तोंड करून बसलो. हिलाल भिंतीकडे तोंड करून बसला. मध्ये टाकी. चहावाला आला, त्याने दोन चहा ठेवले. दोघांचे निवले, कोणी उचलला नाही.

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि सुपडू आबा उतरले. साखरपुड्याचे कपडे घ्यायला धुळ्यात आले होते, घरी फोन केला, आणि आमच्या बायकोने भोळेपणाने सांगितलं, गाडी घेऊन हिलाल मिस्तरीकडे गेलेत. मला वाटलं, संपलं. मोडली सोयरीक.

पण आबांचा चेहरा माझ्यापेक्षा उतरलेला. ते टाकीकडे बघत होते, खपली निघाली होती तिथेच.

हिलालला काय, नवं माणूस मिळालं. "तुनी गाडी शे? पोचा कसा पडना, खरं सांग."

सुपडू आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, रुमालाने तोंड पुसलं. "पडलो होतो," ते म्हणाले. "अंगणात. गाडी स्टँडवर होती, टांग टाकायला गेलो. सोयऱ्यांकडे पोचकी गाडी कशी न्यायची, म्हणून पुट्टी भरून घेतली. कंबरसुद्धा त्यातच धरली, व्याही. तुम्हाला कळू नये म्हणून जीव टांगणीला होता हो."

म्हणजे माझ्या बडगीने नुसती पुट्टी उडवली होती!

मी डब्यावरून उठून हिलालसमोर उभा राहिलो. "बघं? मी पडनू नही!"

हिलालने शांतपणे सळई काढली. "मी काय सांगं? पडेल शे. पडेल शे का नही?"

"पन तू म्हणना मी पडनू!"

"मानूस चुकना. पोचा नही चुकना." जन्मात एकदाच त्याचा निकाल बरोबर आला, तोही भलत्याच माणसावर, आणि ते त्याने मरेपर्यंत गावभर सांगितलं. टक् आवाज आला. आम्ही दोघं व्याही निवलेला चहा प्यायलो आणि इतके हसलो की आबांची कंबर पुन्हा धरली. आज लेक सुखात आहे.

हिलालला शेवटचा भेटलो तो त्याच्या घरी. खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडला होता, अंगावर मांस उरलं नव्हतं. त्यानंतरचा आखाजीचा सण काही त्याने पाहिला नाही. सुनेने मला दारातच हळू सांगितलं, "बाबा उभ्या गाडीवर टांग टाकायला गेले आणि पडले."

मी खाटेशी बसलो. सोडतो काय! "हिलालभाऊ, पोचा कसा पडना, खरं सांग."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "बडगी पडनी."

मी त्याच्या पायाकडे पाहिलं. "खरं शे," मी म्हणालो. "बडगी भलती जड ऱ्हास."

त्याने डोळे मिटले. डाव्या हाताचा तळवा माझ्या मनगटावरून सावकाश फिरवला, आणि ओठ हलले. "भाऊ, तू पुट्टी भरी ऱ्हायना."

"भरू दे," मी म्हणालो.