हात न लावता वाचलेला काटा

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार, सकाळी सव्वासात. शारजाच्या हमरिया बंदराजवळच्या एका यार्डात सलीमने पंधरा इंची तोफेच्या हवेच्या सिलिंडरवरचा पहिला नट सैल केला. त्याच्या खिशात वर्क परमिट होते. परमिटवर लिहिले होते, 'सिलिंडरमध्ये दाब नाही.' खाली माझी सही होती.

मी दहा फुटांवर खुर्चीत बसून सुलेमानी चहा पीत होतो.

ही तोफ एका जुन्या युद्धनौकेची. नौका फार पूर्वी भंगारात गेली. तिच्या पोलादाचे पुढे काय झाले ते कोणी सांगू शकत नाही. तोफ वाचली, कारण नौका मोडण्यापूर्वी ती उतरवून युरोपातल्या एका किनाऱ्यावर संरक्षणासाठी बसवली होती. पुढे तिथेही तिचे काम संपले. इथल्या एका धनिकाने आपल्या खासगी संग्रहालयासाठी ती विकत घेतली, तिकडच्याच एका वर्कशॉपमध्ये साफ करून घेतली आणि जहाजाने हमरियाला आणली.

मी नौदलात ऑर्डनन्स आर्टिफिसर होतो, म्हणजे तोफा दुरुस्त करणारा कारागीर. आमच्या क्रूझरवर सहा इंची तोफा होत्या. त्यांचा गोळा पन्नास किलोच्या आसपास, दोन माणसे उचलत. त्या तोफांनी माझा डावा कान नेला. या पंधरा इंची तोफेचा गोळा पाऊण टनाहून जड. तो तीस किलोमीटरच्या आसपास जात असे. यार्डापासून दुबईत अल कुसैसमधली आमची इमारत तेवीस-चोवीस किलोमीटरांवर आहे. हे मी नातीला सांगितले. "कूल," ती म्हणाली आणि मोबाइलकडे वळली.

एवढा गोळा बाहेर फेकला की तोफेची नळी तितक्याच जोराने मागे येते. नळीचे वजन शंभर टनांच्या घरात. तिला थोपवण्यासाठी तेलाचा सिलिंडर असतो. तिला पुन्हा पुढे ढकलून जागेवर धरून ठेवण्यासाठी दुसरा सिलिंडर असतो. त्यात दाबलेली हवा असते. तोफ वर रोखली तरी नळी मागे घसरू नये, म्हणून ही हवा कायम भरलेली ठेवावी लागते. तोफ डागायची असो वा नसो, हवा आपले काम करीत राहते.

उद्घाटनाच्या दिवशी ही नळी पाहुण्यांसमोर आकाशाकडे उचलायची आणि छुप्या मोटरने मीटरभर मागे-पुढे सरकवायची, अशी मालकाची इच्छा होती. त्यासाठी हवेचा सिलिंडर उघडून आतले जुने सील बदलणे भाग होते. झाकणावर सोळा नट. झाकण पेलायला क्रेन आली होती आणि ती दुपारी दोनपर्यंतच आमची होती.

आठच्या सुमारास ग्लोरिया लोपीस आल्या. त्या मूळच्या वसईच्या. या कामाच्या प्रोजेक्ट मॅनेजर. जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसातून त्या आठवड्यातून दोनदा यार्डात येत आणि फोटो काढून मालकाला पाठवत. तोपर्यंत सलीमचे चार नट सैल झाले होते.

"सलीमभाई, एक मिनिट. फोटो काढते. तुम्ही तसेच बसा, पाना हातात राहू दे."

"हसू काय मॅडम?"

"नको. काम करताय असं दिसू दे. थांबा, तो डायल वाकडा दिसतोय. जरा सरळ करता?"

झाकणाच्या बाजूला दाब दाखवणारा पितळी प्रेशर गेज होता. दुकानातल्या नव्या घड्याळासारखा चकचकीत, असे सलीम म्हणत असे. त्याने हात बॉयलर सूटला पुसला आणि दोन बोटांनी गेज फिरवून सरळ केला.

"आता?"

"परफेक्ट."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. दाबाच्या पाइपला जोडलेला गेज दोन बोटांनी फिरत नाही. त्याला पाना लागतो.

"सलीम, पाना सोड."

"काय झालं चाचा?"

"पाना तिथेच राहू दे. उजवीकडून बाहेर ये. झाकणाच्या समोरून येऊ नकोस."

तो आला. सहा वर्षे तो माझ्या हाताखाली आहे. आधी ऐकतो, मग विचारतो. क्रेनवरचा पठाण ओरडला, "यल्ला चाचा, कितना टाइम?" मी त्याला इंजिन बंद करून खाली उतरायला सांगितले. तोफेच्या पुढची आणि मागची जागा रिकामी करून दोरी बांधली. मग बाजूने जाऊन गेजच्या मागे टॉर्च मारला.

गेज एका पट्टीवर स्क्रूने बसवला होता. त्याला पाइपच नव्हता. पाइपची जागा सिलिंडरच्या अंगावर, हातभर खाली सापडली. तिथे एक छोटा वॉल्व्ह होता, त्यावर टोपीनट आणि सगळ्यावर राखाडी रंगाचे तीन हात. वर्कशॉपच्या यादीत या गेजपुढे लिहिले होते, 'साफ केला, पॉलिश केला, परत बसवला.' यातले एकही वाक्य खोटे नव्हते.

काटा शून्यावर होता. तो जगाच्या अंतापर्यंत शून्यावरच राहिला असता.

आता आदल्या संध्याकाळचे सांगितले पाहिजे. गेज वाचण्यापूर्वी त्याच्यावर बोटाच्या पेराने टकटक करायची, ही आमच्या धंद्यातली पहिली सवय. काटा अडकला असेल तर हलतो, गेज सैल असेल तर कळते. मी आयुष्यभर ती टकटक केली. सोमवारी संध्याकाळी केली नाही. तोफेवर संग्रहालयाच्या लोकांनी पाटी लावली होती : पितळेला उघडा हात लावू नये, डाग पडतात. मी हातमोजे आणले नव्हते. मग मी हात पाठीमागे बांधून, तिकीट काढून आलेल्या पाहुण्यासारखा, तो काटा वाचला. शून्य. सही केली आणि घरी गेलो.

"पण सर," ग्लोरिया म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी आत काय राहणार? थोडीफार हवा असेल."

"असेल."

"मग?"

"थोडी की फार, ते मोजल्यावर कळेल."

"क्रेन दोनला जाणार. मालकांना मी काय सांगू?"

"क्रेन गेली, असे सांगा."

त्या फोन घेऊन गाडीकडे गेल्या.

मोजायचे तर त्या वॉल्व्हला चालू गेज जोडायला हवा होता. त्यासाठी आधी टोपीनट काढायचा. आतला वॉल्व्ह गळत असेल तर तो नट बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. मी पाना उचलला.

"द्या इकडे," सलीम म्हणाला.

"परमिटवर सही माझी आहे."

"सही तुमचीच राहू दे. हात माझा बरा. तुमचा थरथरतोय चाचा, काल तुम्ही चहा माझ्या बुटावर सांडलात."

हे खरे होते. मी पाना दिला आणि टॉर्च धरला. दोघे एका बाजूला आडवे झालो. नट जिकडे सुटेल त्या रेषेत आमच्यापैकी कोणाचे काहीही नाही, हे मी दोनदा पाहिले. सलीमने रंग खरवडला, अर्धा फेरा दिला आणि थांबला. मी उजवा कान जवळ नेला. आवाज नव्हता. म्हणजे आतला वॉल्व्ह बंद होता आणि शाबूत होता. त्याने नट काढला.

आटे जुन्या मापाचे निघाले. आमच्याकडचे काहीही बसेना. अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागात सलीमच्या ओळखीचा एक लेथवाला आहे. टोपीनट त्याच्याकडे पाठवला. साडेअकराला जोडणी तयार होऊन आली. चालू गेज बसवला. या वेळी त्याच्यावर टकटक केली. सलीमने पाहिले.

मग त्याने वॉल्व्ह किंचित उघडला.

काटा उठला आणि साठ बारवर थांबला. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. साठ बार म्हणजे त्या झाकणावर आतून सुमारे तीस टनांचा रेटा. सोळा नट तो रेटा धरून होते. त्यांतले चार आम्ही सैल केले होते. आणखी काही सैल झाले असते, तर उरलेले तुटले असते. झाकणासमोर पाऊण फुटावर सलीमची छाती होती.

सलीम काट्याकडे पाहत होता.

"चाचा, ही हवा कोणी भरली असेल?"

"असेल कोणीतरी. तुझ्यामाझ्यासारखा."

"चांगली भरलीन."

कोकणातल्या माणसाकडून याहून मोठी दाद मिळत नाही.

हवा सोडायला अडीच तास लागले. घाईने सोडली तर वॉल्व्ह गोठतो, म्हणून थोडी सोडायची, थांबायचे, पुन्हा सोडायची. यार्डभर बारीक शीळ घुमत होती. एवढ्या जुन्या तोफेचे जसेच्या तसे राहिलेले हेच काय ते मूळ सामान. बाकी सगळे घासले, रंगवले गेले किंवा बदलले गेले. हवा मात्र बंदिस्त होती तशी राहिली होती आणि आम्ही ती सोडून देत होतो. दुसरा मार्ग नव्हता. दोन वाजता क्रेन गेली.

अडीचला काटा खाली टेकला. मी टकटक केली. मग वॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून त्यावर लाल फीत बांधली.

तीन वाजता ग्लोरियांनी मला ऑफिसच्या केबिनमध्ये बोलावले. लॅपटॉपवर रिपोर्ट तयार होता. उशिराचे कारण एका ओळीत लिहिले होते : टेक्निशियनने संरक्षित वस्तूला हातमोजे न घालता हात लावला, गेज जागेवरून हलला, त्यामुळे तपासणी करावी लागली.

मी ती ओळ दोनदा वाचली.

"हे काय आहे?"

"सर, काहीतरी कारण द्यावं लागतं. हे छोटं आहे. सलीमभाईंना दुसऱ्या साइटवर टाकतील, एवढंच."

"संग्रहालयाचा नियम मोडला तर गेटपास जातो. गेटपास गेला की कंपनी व्हिसाचा विचार करते. तो मुहैस्नाहच्या कामगार कँपमध्ये अकरा वर्षे राहतो आहे. दोन मुली खेडला शिकतात. एवढंच कसे?"

"मग काय लिहू? परमिट चुकीचं दिलं म्हणून? अंकल, ती सही तुमची आहे." पहिल्यांदाच त्यांनी मला अंकल म्हटले. आवाज खाली आणला. "ते परमिट द्या माझ्याकडे. फाडून टाकू. नवीन काढू, आजच्या तारखेचं. कोणाला कळणार नाही."

"गेज वाकडा आहे, सरळ करा, हे कोण म्हणाले?"

त्यांनी लॅपटॉपकडे पाहिले.

"तुम्ही म्हणालात. म्हणून तो वाचला. तुम्हाला फोटो सरळ हवा होता आणि त्याने मोजे घातले नव्हते. आज त्या दोन गोष्टी बरोबर झाल्या. चूक एकच झाली. ती मी केली."

सलीमकडून परमिट मागून घेतले. त्यावर आडवी रेघ मारून लिहिले, 'रद्द. गेज पाइपला जोडलेला नव्हता. मी तो हात न लावता वाचला. ए. के. परकार.' खाली वेळ घातली आणि कागद ग्लोरियांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो स्कॅन केला. मग रिपोर्टमधली ती ओळ पुसली. पुसताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, पण पूर्ण पुसली.

चुकीचे परमिट देणाऱ्याचे नाव सही करणाऱ्यांच्या यादीतून काढायचे, असा यार्डाचा नियम आहे. तो मीच काही वर्षांपूर्वी सुचवला होता. पुढच्या आठवड्यात माझे नाव निघाले. सलीमचा गेटपास कायम राहिला. उद्घाटन ठरल्या दिवशी झाले. सील बदलायचे राहिले होते, म्हणून नळी उचलली नाही, सरकवली नाही. पाहुणे तिच्यासमोर उभे राहून फोटो काढून गेले. ती का हलत नाही, असे कोणी विचारले नाही.

जपून ठेवलेली वस्तू म्हणजे संपलेली वस्तू, असे मी त्या सोमवारी संध्याकाळी नकळत धरून चाललो होतो. पॉलिश पाहिले की माणूस तपासायचे विसरतो. तीस-चाळीस वर्षे तपासण्याचेच काम केलेला माणूसही विसरतो.

त्या मंगळवारी निघण्यापूर्वी एक काम उरले होते. स्टोअरमधून पत्र्याचा एक तुकडा आणला. त्यावर पक्क्या मार्करने इंग्रजीत आणि हिंदीत लिहिले, 'हा गेज कशालाही जोडलेला नाही. यावर विश्वास ठेवू नये.' अरबी ओळ गेटवरच्या पहारेकऱ्याकडून लिहून घेतली. मग हातमोजे न घालता तो पत्रा तारेने गेजच्या मानेला बांधला, तारेला तीन पीळ दिले आणि ओढून पाहिला.