टाकीवरच्या उदबत्त्या

बोईसरच्या एका हॉटेलामागे मी सांडपाण्याची टाकी बसवली होती. तिच्यात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. त्यांतून वीज सोडली की पाण्यातलं तेल-तूप गोळा होऊन फेसासारखं वर येतं. सोबत हायड्रोजनचे बुडबुडेही येतात. त्याला ना रंग, ना वास, पण ठिणगी मिळाली की भडका. म्हणून टाकी उघडी ठेवायची असते.

गिऱ्हाइकं वासाची कुरकुर करतात, असं मालकांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी घाईत होतो. "मग लावा की झाकण," असं म्हणून मी फोन ठेवला. इतकी वर्षं हेच काम करणारा शहाणा मी!

दसऱ्याला त्यांनी जेवायला बोलावलं. कारखान्यांतली यंत्रं त्या दिवशी पूजेसाठी बंद असतात, पण हॉटेल तुडुंब भरलेलं, त्यामुळे टाकी चालूच. घट्ट झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ आणि केळ्यात खोचलेल्या पाच पेटत्या उदबत्त्या. झाकणाची कड हलकेच थरथरत होती.

मी धावत जाऊन उदबत्त्या बादलीत बुडवल्या आणि टाकीजवळच्या बटणाची ठिणगी नको म्हणून लांबच्या मेन स्विचवरून वीज बंद करायला ओरडलो. मालक दुखावले.

"पूजा मोडली तुमी," ते म्हणाले. "आता तर वास पन येत नाय."

मी फोन काढला. पामपासून वाणगावपर्यंत आणखी चार हॉटेलांत माझ्या टाक्या होत्या, आणि झाकणाचा सल्ला मी त्या चौघांनाही दिला होता. चारही फोन नुसते वाजत राहिले.

पूजेची वेळ होती.