ओढणीतलं पुरण

ड्रायव्हरनं पितळी डबा उलटा केला अन् गरम पुरणाचा गोळा माझ्या ओढणीत पडला.

मी रस्त्याच्या कडेला उभी. ओढणी दोन्ही हातांनी पसरलेली, मागतकरणीसारखी. काकू गाडीतूनच म्हणाल्या, "ठीक से निकाल, डब्बा वापस ले जाना है." हे ड्रायव्हरले. माझ्याशी बोलणं त्यांनी बंद केलं होतं.

ड्रायव्हर छत्तीसगढी, माझ्या बापाच्या वयाचा. डब्याचा तळ बोटानं निपटता निपटता खालच्या आवाजात म्हणाला, "का करंव नोनी, नौकरी हे." काय करू पोरी, नोकरी आहे.

दार लागलं. गाडी गेली. धूळ तोंडात आली.

त्या दिवशी माझं ऑडिशन होतं.

राज्य नवीन झालं होतं अन् रायपूर राजधानी. जिकडं पाहा तिकडं खोदलेलं. नाली खोदलेली, रस्ता खोदलेला, अन् वर मंत्र्यांच्या गाड्या सायरन वाजवत. नव्या राज्यावर एक फिल्म बनून राहिली होती, तिच्यासाठी आवाज पाहिजे होता. पडद्यावर जंगल, नदी, भाताचे बांध, अन् मागून कोणीतरी सांगून राहिलं, तो आवाज. स्टुडिओ अभनपूरच्या रस्त्यावर, गावाबाहेरच्या एका बंगल्यात. शहरात ट्रकांचा आवाज येते म्हणून तिकडं. निवड झाली तर शेवटी पडद्यावर नाव येणार होतं. निवेदन, अन् पुढं माझं नाव. आडनावासकट.

हे नाव काहून एवढं मोठं होतं ते सांगायचं तर काकूंपासून सांगावं लागेल. सांगते.

माझा बाप रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस मजूर, वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात. आजा भंडाऱ्याकडून आला. आम्ही बौद्ध. विहारात वंदना मी म्हणायची, जयंतीचा माईक माझ्या हाती असायचा. आवाज तिथं तयार झाला. काकूंचं घर तात्यापाऱ्यात, जुन्या मराठी मोहल्ल्यात. भोसल्यांच्या काळात आलेले लोक ते. काका वकील. आम्हाले म्हणत, "तुम्ही रेल्वेवाले." जसे काही ते पालखीतून उतरले अन् आम्ही मालगाडीतून.

त्यांच्या मंडळाच्या गणपतीत कार्यक्रमाचं निवेदन मी करायची. पण विंगेतून. समोर उजेडात काकूंची मुलगी, नऊवारी नेसून, नाकात नथ. ती हसायची, मान डोलवायची. पडद्यामागं माईक धरून मी. लोक म्हणत, काय सुंदर कार्यक्रम केला पोरीनं. शेवटी आभार. ते पण मीच वाचायची. हारवाला, मांडववाला, प्रसादाचा आचारी, सगळ्यांची नावं. काकूंच्या घरच्या एकेकाचं नाव मानासकट. माझं नाव त्यात कधी नसे. मी दरवर्षी वाचायची अन् दरवर्षी वाटायचं, यंदा खाली असेल.

काका म्हणायचे, "आम्ही जातबीत काही मानत नाही. तू आमचीच पोरगी." कामापुरता मामा, अजून काय. पण मले ते तेव्हा खरं वाटायचं. गोड बोललं की खरं वाटते माणसाले.

तर ऑडिशनच्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. काकूंच्या घरच्या महालक्ष्म्या अभनपूरले, मोठ्या दिरांकडे बसतात. अन् पुरण इथून जाते. काहून, तर जाऊबाईंच्या हातचं पुरण पातळ होते. काकू पहाटे न्हाऊन, रेशमी लुगडं नेसून, सोवळ्यात पुरण शिजवत, वाटत, अन् पितळी डब्यात भरून गाडीतून नेत. मोठा मान होता त्यांचा त्यात. काका मले आदल्या दिवशी म्हणाले, "स्टुडिओ वाटेवरच आहे. आमच्याच गाडीत जा. बसमध्ये घसा खराब करू नको." मी खूश. आईनं ठेवणीतला ड्रेस काढून दिला, पांढरी ओढणी इस्त्री करून दिली.

काकू पुढं बसल्या. मागं एका दाराशी त्यांची मुलगी, दुसऱ्या दाराशी मी. मधे पाट, पाटावर डबा. मी बसता बसता काकूंनी मागं पाहून सांगितलं, "सोवळ्यातलं आहे हं. लागू देऊ नको."

मी दारात घुसून बसली. हँडल बरगडीत रुतून राहिलं होतं. डबा मुलीनं धरायचा होता. तिनं थोडा वेळ धरला, मग खिडकीतून पाहून राहिली. पचपेडी नाक्याच्या पुढं रस्ता उखडलेला. खड्डा आला अन् गाडी उसळली. पाट सरकला. डबा कलंडला, झाकण उघडलं.

मी धरला.

विचार नाही केला. पडते ते धरते माणूस. आमच्या घरी अन्न सांडलं तर आई एकेक शीत वेचते. मी दोन्ही हातांनी डबा छातीशी धरला अन् म्हटलं, "वाचलं काकू." मले वाटलं त्या म्हणतील, बरं झालं पोरी.

काकूंनी मागं पाहिलं. आधी डबा पाहिला, मग माझे हात पाहिले.

"गाडी रोको."

मुलीले म्हणाल्या, "तुझं लक्ष कुठं होतं?" मले म्हणाल्या, "उतर."

मी उतरली. डबा हातातच. मी म्हटलं, "काकू, सांडलं नाही काही." त्या म्हणाल्या, "सांडलं असतं तर बरं झालं असतं. निदान देवीला सांगता आलं असतं." मग ड्रायव्हरले, "डब्बा ले उससे. खाली कर. अब यह उसी का है." अन् मले, अगदी शांत, शुद्ध मराठीत, "तूच खा आता. तुझ्या नशिबात होतं."

डबा पितळेचा. विस्तवावर तापवला की शुद्ध होते. पुरण होत नाही. मोटारीले विटाळ नाही, मोटारीच्या ड्रायव्हरले नाही, खड्ड्यातून उडून काचेवर आलेल्या चिखलाले नाही. माझ्या हातांले आहे. मुलगी खिडकीतून दुसरीकडं पाहत होती. वर्षानुवर्षं जिच्या तोंडात माझा आवाज होता, तिले एक शब्द काढता आला नाही.

आणि मी ओढणी पसरली. काहून पसरली, हे मी अजून स्वतःले विचारते. पडू दिलं असतं मातीत. पण हात आपोआप पुढं झाले. हात झुकायले शिकवलेले असतात, डोक्याच्या आधी.

गाडी गेल्यावर मी चालायले लागली. ट्रक जवळून जात, गिट्टी उडे. ओढणीतून पुरणाची ऊब पोटाले लागून राहिली होती. वेलचीचा वास. मी सकाळपासून खाल्लं नव्हतं, आवाज जड होते म्हणून. भूक लागली होती अन् मले त्या वासाचा राग येऊन राहिला होता. मी रडली. लाजत नाही सांगायले. रडली अन् मग रडणं थांबलं, अन् जे उरलं ते अजून आहे माझ्यापाशी.

पुढच्या चौकात रस्ता बंद. कोण्यातरी मंत्र्याचा ताफा जायचा होता. पोलिसांनी दोर लावलेला, गाड्यांची रांग. पायी माणसाले कडेकडेनं जाऊ देत होते. मी रांगेच्या बाजूनं चालली. ट्रक, जीप, ट्रॅक्टर, बस. अन् मग ती गाडी.

काकूंची गाडी.

राजधानीचे लय उपकार आहेत माझ्यावर. तो ताफा त्यातला पहिला.

उकाडा होता, काच खाली होती. आधी मुलीनं पाहिलं. मग काकूंनी. त्यांले वाटलं मी हात जोडायले आली. चेहरा थोडा मऊ केला त्यांनी. म्हणाल्या, "बरं बरं. झालं ते झालं. जा आता, तुला उशीर होईल."

मी म्हटलं, "काकू, हे तुमचं."

खिडकीतून हात घातले, ओढणी उघडली अन् पुरण त्यांच्या मांडीवर ठेवलं. फेकलं नाही. ठेवलं. पानात वाढतात तसं, दोन्ही हातांनी, रेशमी लुगड्यावर, मधोमध. ओढणीले चिकटलेलं होतं ते बोटांनी काढून तेही ठेवलं.

काकू "अगं, अगं" म्हणत राहिल्या. हलता येईना. हललं तर पुरण गाडीभर. ड्रायव्हर समोर पाहत होता. त्याचे खांदे हलून राहिले होते. हसत होता का रडत होता, मले नाही माहीत. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. पोलीस ओरडला, "ए लड़की, आगे बढ़." मी आगे बढली.

दोराच्या पलीकडं बाजारातून परतणाऱ्या बायांचा टेम्पो उभा होता. त्यांनी मले टोपल्यांत जागा करून दिली. एकीनं माझे गुळानं माखलेले हात पाहिले, विचारलं, "का होगे नोनी?" मी म्हटलं, "कुछ नहीं." तिनं बाटलीतलं पाणी माझ्या हातावर ओतलं. पिण्याचं पाणी होतं ते तिचं.

स्टुडिओत पोचली तं सामान आवरून राहिले होते. कानाले हेडफोन लावलेला माणूस म्हणाला, "मैडम, टाइम देखिए." मी म्हटलं, "रस्ता बंद था. एक बार सुन लीजिए." त्यानं कंटाळून कागद देल्ला. नाव विचारलं. मी पूर्ण सांगितलं, आडनाव दोनदा सांगितलं.

घशात धूळ. ओढणीवर पिवळा डाग, ताटाएवढा. मी वाचलं. महानदी, भात, नवी पहाट, असं काहीबाही होतं. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "आवाज़ अच्छी है. लेकिन गुस्सा है इसमें. थोड़ा मीठा कीजिए."

मी म्हटलं, "मीठा नहीं होगा, सर."

"एक बार कोशिश तो कीजिए."

"नहीं होगा."

ती फिल्म दुसऱ्या कोणीतरी केली. गोड आवाजाच्या बाईनं. पडद्यावर तिचं नाव आलं. काकूंनी ते पण हिसकलं माझं. त्याचाही हिशेब माझ्याकडं आहे.

संध्याकाळी काका आमच्या क्वार्टरवर आले. वकील माणूस, शिवाशिवीचा कायदा पाठ. त्यांनी कायद्याचं नाव काढलं नाही. बापाले म्हणाले, "मुलीला घेऊन या अन् माफी मागायला लावा. सणाच्या दिवशी अपशकुन केला तिनं." माझा बाप साहेबांसमोर कधी खुर्चीवर न बसलेला माणूस. मले वाटलं, आता माफी मागायले लावते. तो म्हणाला, "साहेब, पुरण बाईंनी तिले देल्लं. तिनं बाईंले वापस देल्लं. माफी कायची?"

काका गेल्यावर मले म्हणाला, "काहून बसली व त्यांच्या गाडीत?" तेवढंच. पुढं कधी तो विषय काढला नाही.

कळलं ते नंतर. सोवळं मोडलं म्हणून काकूंले अर्ध्या रस्त्यातून घरी परतावं लागलं; अभनपूरले जाऊन पुन्हा पुरण शिजवणं राहिलं. त्या वर्षी महालक्ष्म्यांनी जाऊबाईंच्या हातचं पातळ पुरण खाल्लं. सगळ्या नातेवाईकांत बोभाटा झाला. हे ऐकून मले बरं वाटलं. आजही आठवलं की बरं वाटते. मोठ्या मनाचं होऊन दाखवायची मले हौस नाही.

मंडळानं मले काढलं. पुढच्या गणपतीत मुलगी स्वतःच्या आवाजात बोलली. लोकांले कळलं, आधीचा आवाज तिचा नव्हता.

मले पहिलं काम उरला इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यानं देल्लं. गेटवर वाजायची रेकॉर्ड. हेलमेट के बिना अंदर न आएँ. त्यांले गोड आवाज नको होता. भट्टीच्या आवाजावरून ऐकू जाईल असा पाहिजे होता. तिथून मग रेडिओ, फिल्मा, सरकारी, खाजगी. आता या शहरात माझा आवाज लोक ओळखतात. नाव पण येते पडद्यावर. आडनावासकट.

मागच्या वर्षी फोन आला. काकूंची मुलगी. म्हणे, "ताई, हमारे घराने पर एक छोटी फिल्म बन रही है. आजोबा-पणजोबांपासूनची. आवाज तुमचाच पाहिजे. आईपण तेच म्हणते."

ताई म्हणाली. मी विंगेत उभी राहायची तेव्हा "ए" म्हणायची.

मी म्हटलं, "करते. पैसे नको. एक अट आहे. महालक्ष्मीच्या दिवशी गाडी पाठव. मी, तू अन् काकू अभनपूरले जाऊ. पुरणाचा डबा माझ्या मांडीवर राहील. तिथं मी तो माझ्या हातानं उघडीन, अन् काकू त्यातलं देवीपुढं वाढतील."

ती म्हणाली, "अहो ताई, आता आम्ही ते काही मानत नाही."

"मग सोपंच आहे."

ती म्हणाली, "आईला विचारून सांगते."

काकू अजून आहेत. विचारायले दोन खोल्या ओलांडाव्या लागतात. एक महालक्ष्मी येऊन गेली, उत्तर आलं नाही.

लोक मले म्हणतात, जुनं झालं, सोडून दे. ज्यांच्या ओढणीत कोणी कधी काही ओतलं नाही, तेच म्हणतात. मी सोडलं नाही. माफ केलं नाही, करणार नाही. ती ओढणी आईनं धुऊ म्हटलं तरी मी धुऊ देल्ली नाही.

इथं कागदावर मी त्यांचं नाव लिहिलं नाही. भीत नाही मी. त्या घरच्या एकेकाचं नाव मी विंगेत लपून, मानासकट, किती वर्षं वाचलं. आता दरवर्षी जयंतीच्या स्टेजवर उजेडात उभी राहते, ओढणी उलगडून धरते अन् माईकवर तीच नावं घेते. काकूंचं, काकांचं, मुलीचं. पूर्ण, आडनावासकट. डबा सांगते, खड्डा सांगते, माझे हात सांगते. भोंगे तात्यापाऱ्यापर्यंत लावायले सांगितले आहेत मी.

त्यांच्या नातवंडांनी खिडकी लावून घेईपर्यंत वाचणार. लावली तर अजून जोरात वाचणार.