कोऱ्या पाण्यातले खड्डे

माझ्या बाबांना प्रयोगशाळेत सगळे ‘नळीवाले’ म्हणत. काचेची बारीक नळी मधोमध तापवून ते अशी ओढत, की टोकाला उरलेलं भोक सूक्ष्मदर्शकातूनही धड दिसत नसे. नळीच्या आतबाहेर मिठाचं पाणी, त्यातून जेमतेम वीजप्रवाह. एखादा कण भोकातून गेला की प्रवाह क्षणभर घटे आणि पडद्यावरच्या रेघेत खड्डा पडे. खड्डे मोजले की कण मोजले. वीस वर्षं इमानेइतबारे नळ्या ओढून बाबांना मिळालं एक स्टूल आणि पाठदुखी.

तिथेच मी डॉक्टरेटला लागले. पिण्याच्या पाण्यात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण असतात, हे मला दाखवायचं होतं. सापडले, ढिगाने सापडले. माझे मार्गदर्शक सर खूश, माझे तर पाय जमिनीवर नव्हते.

बाबांची एक शिस्त होती. रोज सकाळी आधी नुसतं कोरं, म्हणजे गाळणीतून गाळलेलं आणि नमुना न घातलेलं, मिठाचं पाणी लावायचं. त्यात खड्डा पडता कामा नये; पडला तर कण आपल्याच सामानातले. ते काम त्यांच्यावर सोडून मी निर्धास्त होते. आकडे मनासारखे आले की कोण विचारतं?

निष्कर्ष छापून आल्यावर दोन वर्षांनी, यंदा, दुसऱ्या एका प्रयोगशाळेने माझा प्रयोग करून पाहिला आणि माझं पितळ उघडं पडलं. कण पिण्याच्या पाण्यातले नव्हतेच, आमच्याच गाळणीतून सुटलेले होते. सरांनी कानावर हात ठेवले. मी तणतणत घरी आले.

बाबा चष्म्याची काडी बसवत होते. त्यांनी मान वर न करता सगळं सांगितलं. नव्या गाळण्या आल्या तेव्हाच कोऱ्या पाण्यात खड्डे पडू लागले होते. त्यांनी सरांना तसं सांगितलं. सरांनी कधी नव्हे ती त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि मुलीचा प्रबंध कुठवर आला ते विचारलं. बाबा काय समजायचं ते समजले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कोरं पाणी लावणं बंद केलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांचा राग होताच, पण बाबांचा जास्त आला.

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगणार होतो. तुझ्या टेबलापाशी दोनदा येऊन गेलो.”

“मग?”

“सांगूनही तू गप्प बसली असतीस तर? ते मला बघायचं नव्हतं.”

नसते बसले, असं म्हणायला मी तोंड उघडलं. शब्द फुटला नाही.