सामाईक विहीर, एकाच नावाची पेटी

जायचं होतं शिरूरला, घोडनदीच्या काठावर दिवसभर नुसतं बसायला. पण शिक्रापूरला मिसळ खाताना (ऐंशी रुपये, रस्सा मागाल तेवढा) मित्राचा, सोमनाथचा फोन आला. "एवढ्या जवळ आलायस तर केंदूरला आमच्या घरी मुक्काम कर, आई एकटीच असते." मी गाडी पाबळच्या रस्त्याला घातली. ठरवलेल्या गावाला पोचणं मला तसंही फारसं जमत नाही. रस्ता चांगला आहे, फक्त गतिरोधकांना रंग नाही, तेव्हा जपून.

सकाळी सोमनाथची आई, म्हणजे काकू, विहिरीवर गेल्या, त्यांच्यामागे मी. विहीर सामाईक, काकूंची आणि त्यांच्या थोरल्या दिरांची, आबांची. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. त्या दिवशी पाळी काकूंची होती, त्यांच्या शेवंतीच्या फुलशेतीला पाणी द्यायचं होतं, आणि मोटर चालू होत नव्हती.

मोटरच्या स्टार्टरला सिमकार्डवाली पेटी होती. घरी बसून फोनवरून मोटर चालू करता येते. उसात बिबट्या असतो, त्यामुळे अंधारात विहिरीवर जावं लागत नाही हे मोठं सुख. पण पेटी विकतची नव्हे, कंपनीची, सील लावलेली, वर्षाच्या प्लॅनवर घेतलेली. प्लॅन संपला की फोनही चालत नाही आणि पेटीवरचं हिरवं बटणही. प्लॅन संपल्याचा मेसेज गेला आबांच्या मुलाच्या, नीलेशच्या, जुन्या नंबरवर. तो नंबर त्यानं नुकताच बंद केला होता. घेताना पेटी त्याच्या नावावर घेतली, कारण घरात फोनमधलं कळणारा तोच. दोन्ही घरांची मोटर तोच चालू करायचा. आता तो कासुर्डीला हायवेवरच्या हॉटेलात कामाला.

गोठ्यात जुना स्टार्टर लटकत होता. काकूंनी बोलावलेला वायरमन म्हणाला, "पेटी काढतो आन् ह्यो जोडतो. चहा होईस्तोवर काम व्हतंय."

आबा बाजेवरून उठले नाहीत. "सील तोडायचं न्हाई. माझ्या पोराच्या नावावर हाय."

"शेवंती नाव वाचून पाणी पिती व्हय, आबा?" काकू म्हणाल्या.

वायरमन चहा पिऊन गेला. नीलेशनं स्वतः कंपनीच्या दौंडच्या सेंटरला जाऊन नंबर बदलायचा, एवढाच मार्ग होता, आणि तो फोनवर 'रविवारी जातो' म्हणत होता. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तू रिकामाच हायेस. त्याला गाडीवर घाल आन् दौंडला ने."

तळेगाव ढमढेरे मागे टाकून भीमा ओलांडली की दौंड तालुका. राहूजवळ गुऱ्हाळाचा वास आला आणि मी थांबलो. कढईजवळच्या उत्तरेकडच्या माणसानं गरम काकवी वाटीत दिली, "धीरे भैया, जीभ जल जाएगी," म्हणाला, आणि जीभ भाजलीच. अर्धा किलो गूळ घेतला. तासभर तिथेच गेला. काकूंचा फोन आल्यावर निघालो.

कासुर्डीला नीलेश ॲप्रन काढून मागे बसला. पाटसपर्यंत हायवे, मग डावीकडे दौंड. सेंटर म्हणजे एक गाळा, एक पंखा, एक मुलगी. तिनं आधार पाहिलं. "नंबर बदलेल दादा, प्लॅनही चालू करते. कुणाचा टाकू?"

"आबांचा टाका. आन् काकूंचा. विहीर सामाईक हाय."

"एका पेटीला एकच नंबर. दुसऱ्याला दुसरी पेटी, दुसरा प्लॅन."

"मोटर एकच हाय की."

"सिस्टीममध्ये एकच रकाना आहे, दादा."

नीलेशनं आधार परत खिशात घातलं. "म्हंजी काकूनं तिच्या पाळीचं पाणी दर वेळी आबांना मागायचं?"

मुलीनं स्क्रीन आमच्याकडे वळवली. तिच्या हातात काही नव्हतं. नीलेश म्हणाला, "मग न्या तुमची पेटी."

"आमचा माणूस येऊन काढेल, आठवड्याभरात. तुम्ही सील तोडलंत तर अनामत जाईल."

आठवड्यात शेवंती माना टाकणार होती. नीलेशनं स्पीकरवर फोन लावला. "आबा, पेटी काढून टाका. अनामत गेली तर जाऊ द्या."

पलीकडे बाज करकरली. मग आबा म्हणाले, "मग वायरमन कशाला? सील मी तोडतो."

आबांच्या मागून काकू ओरडल्या, "अवो, आधी मेन स्विच पाडा! आन् जोडणी त्यालाच करू द्या!"

परतताना नीलेशला कासुर्डीला सोडलं. त्याच्या हॉटेलात पिठलं-भाकरी खाल्ली, त्यानं पैसे घेतले नाहीत. तिथून निघेस्तोवर काकूंचा फोन आला होता, पाणी सुरू झाल्याचा.

पुण्यातल्या खोलीत माझा कूलर, पलंग, वॉशिंग मशीन सगळं महिन्याच्या भाड्यावर आहे आणि मला ते बरं वाटतं. बिघडलं की फोन करायचा, गाव सोडलं की परत द्यायचं. ज्याला जायचंय त्याच्यासाठी ही सोय चांगलीच. विहीर कुठं जाणार नाही, तिचे दोन्ही मालकही नाहीत. आणि पेटी वाईट होती असंही मी म्हणणार नाही. आता काकू उजाडायची वाट बघतात, मग ताट वाजवत विहिरीवर जातात.

कंपनीचा माणूस पेटी न्यायला आला, ते सोमनाथनं सांगितलं. आबांनी त्याला चहा विचारला नाही. काकूंनी दिला, आणि विचारलं, "अशीच पेटी विकत मिळंल का? पण आम्हाला उघडता येईल अशी."

तो म्हणाला, विचारून सांगतो.